दानाची वही आणि धुराची वही

आजकाल खेडोपाडीच्या शाळांच्या भिंतींवर एक नव्या प्रकारची पाटी दिसते. 'अमुक कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून ही खोली बांधण्यात आली', असे तीवर लिहिलेले असते. कुठे पिण्याच्या पाण्याची टाकी असते, कुठे संगणक असतात, कुठे माळावर लावलेल्या रोपांभोवती जाळ्या असतात. पाटी वाचून गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "कंपनी अगदी देवासारखी धावून आली बघा!" दुसरा म्हणतो, "कसली देवासारखी? वर्षभर धूर सोडायचा आणि पावसाळ्यात चार रोपं लावायची. झालं प्रायश्चित्त!"

श्रोतेहो, या दोन्ही पक्षांची एकाच ठिकाणी गल्लत होते. दोघेही दोन निरनिराळे हिशेब एकाच वहीत मांडतात. कारखान्याने समाजाला काय दिले, हा एक हिशेब. कारखान्याने हवेत काय सोडले, हा दुसरा. पहिल्या वहीत जमा झालेली रक्कम दुसऱ्या वहीतल्या नावे बाजूतून आपोआप वजा होत नाही. आज या दोन वह्या आपण शेजारी शेजारी ठेवून वाचू. त्या वाचता येणे शेतकऱ्याला, कामगाराला आणि विशेषतः शिक्षकाला का जरूर आहे, तेही ओघाने येईलच.

प्रथम दानाची वही घेऊ. तिला 'दान' म्हणणे तसे बरोबर नाही, कारण ठराविक मोठ्या कंपन्यांना हा खर्च कायद्याने सांगितला आहे. २०१३ सालच्या कंपनी कायद्यात १३५ वे कलम आहे. ते १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा अधिक आहे, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक आहे, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक आहे, तिला हे कलम लागू होते. तीनपैकी एक अट पुरी झाली तरी पुरे. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असे कायदा सांगतो. म्हणजे तीन वर्षांचा सरासरी नफा ६ कोटी असला, तर वर्षाला १२ लाख रुपये. २०२१ साली कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. तेव्हापासून खर्च न झालेली रक्कम मुकाट्याने गल्ल्यात ठेवता येत नाही. ती ठरवून दिलेल्या निधीत किंवा वेगळ्या खात्यात जमा करावी लागते.

हा पैसा कशावर खर्चावा, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिली आहे. शिक्षण आहे, आरोग्य आहे, ग्रामविकास आहे, आणि पर्यावरणाचे रक्षण, माती, हवा व पाणी यांची प्रत राखणे हेही आहे. जिथे कंपनीचे काम चालते त्या आसपासच्या भागाला पसंती द्यावी, असेही कायद्यात म्हटले आहे. तेव्हा शेजारच्या गावाने या बाबतीत कंपनीकडे विचारणा केली, तर त्यात भीक मागण्यासारखे काही नाही.

कायदा नवा असला, तरी विचार आपल्याकडे नवा नाही. धनिकाने आपल्या संपत्तीचा मालक न होता विश्वस्त व्हावे, असे महात्मा गांधी सांगत असत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी केली. स्वातंत्र्यानंतर नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्या परिसरात शाळा, महाविद्यालये, दवाखाने निघाले. त्या वेळी २ टक्क्यांचे कलम कोणी लिहिलेले नव्हते. कारखाना ज्या मातीवर उभा आहे तिचे आपण काही देणे लागतो, एवढी जाणीव होती.

आता एक बारकावा ध्यानात घ्या. गावकरी मंडळींत आणि पुष्कळदा कारखानदारांतही गोंधळ होतो तो इथेच. कंपनीने आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून केलेला खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही. कायद्याने ज्या गोष्टी करायलाच लावल्या आहेत, त्यांचा खर्चही धरता येत नाही. कारखान्याने स्वतःचा बॉयलर सुधारला, स्वतःच्या छपरावर सौर पट्ट्या बसवल्या, तर तो त्याच्या धंद्याचा खर्च झाला. म्हणजे सरकारनेच या दोन वह्या वेगळ्या ठेवल्या आहेत. शाळेची खोली बांधली म्हणून बॉयलर सुधारायची जबाबदारी सरत नाही, आणि बॉयलर सुधारला म्हणून शाळेच्या खोलीतून सुटका होत नाही.

आता दुसरी वही, धुराची. ही वाचायला थोडी अवघड, कारण तिच्यातला मुख्य जिन्नस डोळ्यांना दिसत नाही. धुराड्यातून काळा लोट निघतो तो काजळीचा आणि राखेचा. तो वाईटच. त्याने छातीचे विकार होतात, वाळत घातलेले कपडे काळे होतात. त्याला अडवण्यासाठी धुराड्याच्या वाटेवर गाळण्या बसवतात, आणि त्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असते. पण गाळणी बसवून धूर पांढरा झाला, किंवा अजिबात दिसेनासा झाला, तरी कोळसा जळाल्यावर होणारा कार्बन डाय-ऑक्साइड निघतच राहतो. त्याला आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू. त्याला रंग नाही, आणि धूळ अडवणाऱ्या गाळणीत तो सापडत नाही. जितके इंधन जळेल तितका तो निघणारच. तो कमी करायचा, तर इंधन कमी जाळणे किंवा वेगळे इंधन वापरणे हाच कारखान्याच्या हातातला सरळ मार्ग.

किती निघतो? एक लिटर डिझेल जाळले, की सुमारे २.७ किलो कर्बवायू तयार होतो. इथे वर्गातला चुणचुणीत मुलगा हात वर करील. "गुरुजी, लिटरभर डिझेलचं वजन किलोभरसुद्धा भरत नाही, मग त्यातून पावणेतीन किलो वायू कसा?" शंका अगदी रास्त आहे. उत्तर असे, की कार्बन जळताना हवेतला प्राणवायू आपल्याला जोडून घेतो. १२ भाग कार्बनाला ३२ भाग प्राणवायू मिळतो आणि ४४ भाग कर्बवायू होतो. म्हणजे एक किलो शुद्ध कार्बनापासून जवळजवळ ३.७ किलो वायू. आपल्याकडच्या कोळशात राख पुष्कळ असते, म्हणून एक टन देशी कोळशापासून ढोबळ मानाने दीड टन वायू धरावा. विजेचेही असेच. वीज आपल्या घरात धूर करीत नाही, पण ती औष्णिक केंद्रात कोळसा जाळून आलेली असते. जलविद्युत, पवन, सौर अशी सगळी वीज एकत्र धरून आज देशात एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू पडतो.

हा वायू वाढला तर बिघडले कुठे? १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कर्बवायूचे नळकांडे सर्वांत अधिक तापले आणि निवायलाही फार वेळ लागला. १८५९ साली जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत दाखवले, की काही वायू उष्णता अडवून धरतात. पृथ्वीवरून अवकाशात परत जाणारी उष्णता हवेतला कर्बवायू घोंगडीसारखा अडवतो. घोंगडी मुळीच नसती तर आपण गारठून गेलो असतो. आता अडचण झाली आहे ती घोंगडी जाड होत असल्याची. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ सालापर्यंत तो ४२० च्या वर गेला.

हवा एक अंश तापली, की ती सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते. मग पाऊस येतो तो कोसळतच येतो, आणि दोन पावसांमधला खंड लांबतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींनी पुराचे पाणी घरात पाहिले. कोणत्याही एका पुराचे खापर एका धुराड्यावर फोडता येणार नाही. नदीच्या पात्रातली बांधकामे, धरणांतला विसर्ग, पावसाचे मान, अशी कारणे त्यात मिसळलेली असतात. पण हवा तापत गेली, तर असे पाऊस अधिक वेळा येतील, एवढे शास्त्र स्पष्ट सांगते. आणि त्यात पहिले नुकसान होते ते नदीकाठच्या उसाचे, गोठ्यातल्या जनावराचे आणि रोजावर जाणाऱ्या माणसाचे.

आता एक उदाहरण मांडू. ते कल्पित आहे, पण आकडे व्यवहारातले आहेत. समजा, इचलकरंजीसारख्या गावात कापड रंगवण्याचा एक कारखाना आहे. कापडाला रंग चढवायला आणि वाळवायला वाफ लागते, ती बॉयलरमध्ये कोळसा जाळून करतात. रोज १० टन कोळसा, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३,००० टन कोळसा. टनाला दीड टनाप्रमाणे ४,५०० टन कर्बवायू. या कारखान्याचा सरासरी नफा आपण ६ कोटी धरू. म्हणजे दानाच्या वहीत १२ लाख रुपये.

मालक सज्जन आहेत. ते म्हणतात, "आपण झाडं लावू आणि धुराची भरपाई करू." विचार चांगला आहे, पण हिशेब करून पाहू. चांगले वाढलेले झाड वर्षाला ढोबळ मानाने वीसएक किलो कर्बवायू आपल्या लाकडात साठवते. झाडाची जात, माती, पाऊस यांप्रमाणे हा आकडा बराच खालीवर होतो, पण अंदाजाला पुरे. ४,५०० टन म्हणजे ४५ लाख किलो. भागिले २०. उत्तर येते २ लाख २५ हजार झाडे. तीही रोपे नव्हेत, वाढलेली झाडे. रोपाला तिथवर यायला वर्षे लागतात, आणि उन्हाळ्यात किती रोपे जगतात हे माळावर पाणी घालणाऱ्याला विचारा. ५०० रोपे लावून फोटो काढला, तर ५०० रोपे लावल्याचे पुण्य जरूर मिळेल. सावली मिळेल, पाखरे येतील, माती धरून राहील. पण धुराच्या वहीत त्याने जेमतेम एक ओळ भरेल.

मग करायचे काय? त्याच कारखान्यात आत जाऊ. कापडाला उष्णता देऊन झाली, की वाफेचे पुन्हा पाणी होते. ते चांगले कढत असते. पुष्कळ ठिकाणी ते गटारात सोडून देतात, आणि बॉयलरमध्ये विहिरीचे थंड पाणी भरतात. हे म्हणजे चुलीवरचे आधण ओतून देऊन पुन्हा गार पाणी तापत ठेवण्यासारखे झाले. बॉयलरवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: आत जाणारे पाणी ६ अंशांनी अधिक गरम असले, की सुमारे १ टक्का इंधन वाचते. कढत पाणी परत आणून बॉयलरमध्ये जाणारे पाणी ३० अंशांवरून ७८ अंशांवर नेले, तर ४८ अंश वाढले, म्हणजे सुमारे ८ टक्के इंधन वाचले. ३,००० टनांचे ८ टक्के म्हणजे २४० टन कोळसा. त्याचा कर्बवायू ३६० टन. इतका वायू साठवायला आपल्या मघाच्या हिशेबाने १८ हजार वाढलेली झाडे लागली असती. इथे तो मुळी निघालाच नाही, आणि वर पैसेही वाचले. कोळशाचा भाव टनाला ८,००० रुपये धरला, तर वर्षाला १९ लाख २० हजार रुपये. पाइप, पंप आणि टाकी यांचा खर्च त्यातूनच भरून निघू शकतो.

याच जातीची आणखी कामे आहेत. वाफेच्या उघड्या पाइपांवर वेष्टन चढवणे. धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर आत जाणारे पाणी तापवून घेणे. हवेच्या दाबाच्या नळीतून 'फुस्स' असा आवाज येतो, ती गळती बंद करणे. ही कामे काही फार थोर दिसत नाहीत. त्यांचे उद्घाटन होत नाही, फीत कापायला पाहुणे येत नाहीत. म्हणूनच ती मागे पडतात.

कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या आहेत. तिथला हिशेब जरा वेगळा पडतो. पूर्वी कोक जाळणाऱ्या क्युपोला भट्टीत लोखंड वितळवीत, आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या आहेत. दारातला धूर त्यामुळे कमी झाला, पण वीज आहेच. एक टन लोखंड वितळवायला अंदाजे ६०० युनिट वीज जाते, म्हणजे ०.७ प्रमाणे ४२० किलो कर्बवायू. आता फौंड्रीत काम करणाऱ्या प्रत्येकाला 'रिजेक्शन' हा शब्द ठाऊक आहे. ओतीव मालात भोक राहिले, वाळू अडकली, की तो नग पुन्हा भट्टीत जातो. महिन्याला ५०० टन माल काढणाऱ्या फौंड्रीचे रिजेक्शन ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तर १५ टन लोखंड पुन्हा वितळवावे लागत नाही. ९,००० युनिट वाचतात, ६,३०० किलो कर्बवायू वाचतो, आणि तोही दर महिन्याला. हे काम साहेबांच्या टेबलावर होत नाही. वाळूचा ओलावा हाताने ओळखणाऱ्या कारागिराच्या कसबाने ते होते. तेव्हा धूर कमी करण्यात कामगाराचा वाटा मोठा आहे, आणि झालेल्या बचतीतही त्याचा वाटा असावा, असे म्हणणे गैर नाही.

छपरावरच्या सौर विजेचेही गणित सोपे आहे. एक किलोवॉटच्या पट्ट्या दिवसाला सरासरी ४ युनिट देतात. कारखान्याने १०० किलोवॉटच्या पट्ट्या बसवल्या, तर वर्षाला १ लाख ४६ हजार युनिट मिळतात, आणि सुमारे १०० टन कर्बवायू टळतो.

इथे लहान कारखानदार म्हणतील, "अहो, आम्हांला ते १३५ कलम लागूच नाही. नफा पाच कोटी कुठला, पाच लाखांची मारामार आहे. हा हिशेब आम्ही कशाला ठेवावा?" बाब रास्त आहे, पण काळ बदलतो आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार मोठ्या कंपन्यांनी पर्यावरण आणि समाज यांविषयीचा अहवाल द्यावा, असे 'सेबी'ने २०२२-२३ पासून बंधनकारक केले. अशी मोठी कंपनी आपल्याला सुटे भाग पुरवणाऱ्याला आज ना उद्या विचारणारच, की तुमची वीज किती आणि इंधन किती? युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा ठराविक मालाच्या आयातीबरोबर त्यामागच्या कर्बवायूची माहिती मागायला सुरुवात केली, आणि २०२६ सालात येणाऱ्या मालापासून त्यावर आकारणी ठरवली. हा नियम सगळ्याच ओतीव मालाला लागू नाही. पण वारे कुठल्या दिशेचे आहे ते यावरून समजावे. ज्याच्या वहीत आकडे नाहीत त्याच्या हातून काम निसटेल. आणि काम गेले, की पहिल्यांदा घरी बसतो तो रोजंदारीवरचा माणूस.

हिशेब ठेवताना तीन खाती पाडतात. पहिले खाते घरच्या धुराचे: आपण स्वतः जाळलेला कोळसा, डिझेल, गॅस. दुसरे विकतच्या विजेचे. तिसरे दुसऱ्याच्या दारच्या धुराचे: आपला कच्चा माल तयार करताना, ट्रकने आणताना, आपला माल वापरताना जो निघतो तो. पहिली दोन खाती बिलांवरून मांडता येतात. तिसरे अवघड आहे, पण पुष्कळ धंद्यांत तेच सर्वांत मोठे असते.

साखर कारखान्याकडे पाहिले म्हणजे हे चांगले समजते. १०० टन उसापासून २८ ते ३० टन बगॅस निघते आणि त्यावरच कारखान्याचे बॉयलर चालतात. बगॅसमधला कार्बन उसाने त्याच वर्षी-दीड वर्षात हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो परत हवेत गेला तरी कोळशासारखी नवी भर पडत नाही. पुष्कळ कारखाने त्यातून जादा वीज करून विकतातही. म्हणजे घरच्या खात्यात साखर कारखाना बराच बरा. पण तिसरे खाते उघडा. उसाला घातलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू निघतो, आणि तो वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. पाणी उपसणाऱ्या मोटारी आहेत, वाहतुकीचे ट्रक-ट्रॅक्टर आहेत. आणि तोडणीनंतर फडाला काडी लावून जाळलेले पाचट आहे. पाचट जाळले की काजळी होते, मातीत जाणारा सेंद्रिय भाग राखेत जातो, गांडुळे मरतात. तेच पाचट सरीत अंथरले, तर ओल टिकते, तण कमी येते, आणि कुजल्यावर जमिनीला खत मिळते. कारखान्याच्या शेतकी विभागाने पाचट कुट्टी करण्याचे यंत्र सभासदांना वेळेवर मिळवून दिले, तर तो धुराच्या वहीतला खरा जमेचा आकडा होईल.

सहकारी कारखाना हा कंपनी कायद्याखाली येत नाही. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली नोंदलेला असतो. त्यामुळे २ टक्क्यांचे ते कलम त्याला लागू नाही. पण सभासदाला दुसरा आणि मोठा अधिकार आहे: तो मालक आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत दराबद्दल आपण तावातावाने बोलतो, ते योग्यच. त्याच सभेत शांतपणे दोन प्रश्न विचारावेत. गेल्या हंगामात कारखान्याने टन उसामागे किती वाफ आणि किती वीज वापरली, आणि यंदा ती किती कमी करणार? हे आकडे कारखान्यात ठेवलेले असतातच. ते अहवालात छापून आले, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येतील.

कंपनीशी बोलताना ग्रामपंचायतीनेही असेच करावे. सामाजिक दायित्वाचा अहवाल कंपनीला आपल्या वार्षिक अहवालाबरोबर जोडावा लागतो, आणि संकेतस्थळ असल्यास आपल्या कामांची माहिती त्यावर द्यावी लागते. तो मिळवून वाचावा. गावाला काय हवे ते ग्रामसभेत ठरवून लेखी मागावे, नाहीतर शाळेत एकही शिक्षक नसताना तिसरा संगणक येऊन पडतो. आणि कंपनीचे अधिकारी भेटतील तेव्हा आभार मानून झाल्यावर विचारावे: मागच्या वर्षी कोळसा किती जाळला? त्याआधीच्या वर्षी किती? माल किती निघाला? नुसता कोळसा कमी झाला म्हणजे सुधारणा झाली असे नव्हे. मंदीत माल कमी निघाला तरी कोळसा कमी होतोच. म्हणून मालाच्या प्रत्येक टनामागचा आकडा मागावा, आणि एकूण आकडाही मागावा, कारण हवेला फक्त एकूण कळते.

कोणी म्हणेल, असे प्रश्न विचारले तर कंपनी रागावेल, देणगी बंद होईल, उद्या कारखानाच दुसरीकडे जाईल. ही भीती खोटी नाही. गावाला रोजगार हवा आहे, आणि धुराचा हिशेब मागणे म्हणजे कारखाना बंद पाडणे नव्हे. वर जी कामे सांगितली, ती बहुतेक सगळी कारखान्याचा खर्च वाचवणारी आहेत. आदराने, आकडे हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाने चांगला व्यवस्थापक रागावत नाही. बॉयलरवरच्या माणसाने जे दहा वेळा सांगूनही वर पोचले नाही, ते गावाने विचारल्यावर कधीकधी पोचते.

शिक्षक मंडळींना शेवटी एक काम सुचवतो. हा पाठ शाळेच्याच बिलांवर घ्या. मुलांना विजेचे बिल वाचायला द्या. समजा, महिन्याला ३०० युनिट आले, तर गुणिले ०.७, म्हणजे २१० किलो कर्बवायू. पोषण आहाराच्या स्वयंपाकाला १४.२ किलोचे तीन सिलिंडर लागले, तर ४२.६ किलो गॅस. एक किलो गॅस जळून सुमारे ३ किलो वायू होतो, म्हणजे १२८ किलो. बेरीज ३३८ किलो. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घालून लिहून ठेवा. मग मुलांनाच विचारा, यातले काय कमी करता येईल? कोणी म्हणेल, मधल्या सुट्टीत पंखे बंद करू. कोणी म्हणेल, डाळ आधी भिजत घालू आणि भांड्यावर झाकण ठेवू. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. पंखे बंद ठेवूनही आकडा वाढला, तर का वाढला तेही शोधायला लावा. कदाचित गळक्या नळामुळे पाण्याची मोटार अधिक चालली असेल. दशांश अपूर्णांकांचा सराव होईल, शास्त्राचा धडा होईल. आणि हीच मुले उद्या फौंड्रीत, कारखान्यात, संचालक मंडळात किंवा ग्रामसभेत बसतील, तेव्हा त्यांना दोन्ही वह्या वाचता येतील.